ब्राऊन शुगर आणि लैला: डाग गाण्यावर असेल तर, आणि गाणाऱ्यावर असेल तर

साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक ज्याच्या मनात घर करून बसलंय, त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: हे ऐकावं का, आणि वाजवावं का? उत्तरं बहुतेक एका दमात दिली जातात. कला वेगळी, कलाकार वेगळा म्हणून सगळं पोटात घालायचं, नाहीतर सगळंच वर्ज्य करायचं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण त्यात दोन निराळ्या तक्रारी एकाच माळेत ओवल्या जातात. कधी गाणंच खटकतं, तर कधी गाणारा. म्हणून दोन गाणी शेजारी-शेजारी ठेवतो. दोन्ही मला जिवापाड आवडतात.

शब्द खटकतात तेव्हा

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचं 'ब्राऊन शुगर' डिसेंबर 1969 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं आणि 1971 मध्ये 'स्टिकी फिंगर्स' या अल्बमचं पहिलं गाणं म्हणून आलं. गिटार वाजवणाऱ्याला त्याचा मोह का पडतो ते सांगतो. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं ओपन जी ट्यूनिंग म्हणजे सगळ्यांत जाड तार काढून टाकायची आणि उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी अशा लावायच्या. मग एकच बोट आडवं दाबलं की अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, हातात येते. त्यावर उरलेली बोटं टाकत-उचलत गेलं की तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, उसळतो. पुढे बॉबी कीजचा सॅक्सोफोन सुरू झाला की पाय जागेवर राहत नाहीत.

आता शब्द ऐका. पहिल्याच कडव्यात गुलामांनी भरलेलं जहाज कापसाच्या शेतांकडे निघालंय, न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात माणसांची विक्री होतेय आणि मध्यरात्री गुलामांचा व्यापारी बायकांवर चाबूक ओढतोय. त्याला लागूनच ध्रुवपद येतं, आणि ते काळ्या मुलीच्या चवीचं कौतुक करतं. 2021 च्या दौऱ्यात बँडने हे गाणं वगळलं, तेव्हा रिचर्ड्सचं म्हणणं होतं की हे गाणं गुलामगिरीच्या भीषणतेवरच आहे, हे लोकांना कळलं कसं नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. भीषणता कडव्यात आहे खरी, पण सूर जल्लोषाचा आहे, आणि जिच्यावर चाबूक पडतोय तिच्या बाजूने गाण्यात एक अक्षर नाही. ज्याने ते लिहिलं त्या बँडच्या गायकाने, मिक जॅगरनेच, 1995 मध्ये सांगितलं होतं की आज मी असं गाणं लिहिणार नाही. कार्यक्रमांत तो काही शब्द बदलूनही गायचा.

हे गाणं लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं ते 6 डिसेंबर 1969 ला, कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँटला. त्याच कार्यक्रमात मेरेडिथ हंटर या 18 वर्षांच्या काळ्या तरुणाला स्टेजपुढे भोसकलं गेलं. बँड तेव्हा 'अंडर माय थंब' वाजवत होता, म्हणजे बाईला मुठीत ठेवल्याची फुशारकी मारणारं गाणं. गाण्याचा त्या मृत्यूशी कार्यकारणसंबंध जोडणं चूक आहे. तरी तो दिवस माहीत झाल्यावर ही दोन्ही गाणी मला पूर्वीसारखी नुसती मजेची वाटत नाहीत.

माणूस खटकतो तेव्हा

'लैला' 1970 मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत तयार झालं. बँडचं नाव डेरेक अँड द डॉमिनोज, पण गाणं ओळखलं जातं त्यातला ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं म्हणून. नाव फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूवरून घेतलंय, आणि हाक आहे पॅटी बॉइडला, जी तेव्हा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची बायको होती. शब्दांत आक्षेप घ्यावा असं काहीच नाही. ती गुडघे टेकून केलेली विनवणी आहे, आणि डुएन ऑलमनची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवत वाजवलेली) तिला आणखी टोकाला नेते.

पण 5 ऑगस्ट 1976 ला बर्मिंगहॅम ओडियनमध्ये, दारूच्या नशेत, याच क्लॅप्टनने स्टेजवरून स्थलांतरितांना विरोध करणारा ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेल याला पाठिंबा जाहीर केला. परक्यांना हाकला, ब्रिटनची काळी वसाहत होऊ देऊ नका, असं तो श्रोत्यांना सांगत होता. शिव्या वेस्ट इंडियन लोकांना होत्या तशाच आशियाईंनाही होत्या, म्हणजे तेव्हा ब्रिटनमध्ये संसार मांडलेल्या आपल्या माणसांनाही. दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लेचं 'आय शॉट द शेरिफ' गाऊन तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता. संतापलेल्या फोटोग्राफर रेड सॉंडर्सने मित्रांसोबत संगीत-साप्ताहिकांना क्लॅप्टनला उद्देशून पत्र लिहिलं: तुझं अर्धं संगीत काळ्या लोकांचं आहे. त्यातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली, आणि 30 एप्रिल 1978 ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात गोऱ्यांचा पंक बँड क्लॅश आणि काळ्यांचा रेगे बँड स्टील पल्स एकाच स्टेजवर वाजले. क्लॅप्टनने मात्र त्यानंतरही मुलाखतींत पॉवेलची बाजू घेतली. आपल्याला त्या वागण्याची लाज वाटते, असं तो 2018 मध्ये उघडपणे म्हणाला.

'लैला'त आणखी एक गाठ आहे. शेवटच्या पियानोच्या भागाचं श्रेय ड्रमर जिम गॉर्डनकडे आहे. त्याने 1983 मध्ये स्वतःच्या आईचा खून केला. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आणि 2023 मध्ये तो बंदिवासातच वारला. हे वाचून गाण्यावर राग धरावा असं मला वाटत नाही, ती आजाराची शोकांतिका आहे. मला जास्त सलतं ते वेगळंच. गायिका रीटा कूलिज सांगत आली आहे की ती धून तिने गॉर्डनसोबत रचली होती, आणि तिला ना नाव मिळालं ना पैसे. बँडमधल्या बॉबी व्हिटलॉकनेही तिला दुजोरा दिला आहे. अल्बमवर तिचं नाव अजून नाही.

मग ठरवायचं कसं

हेडफोन लावून एकट्याने ऐकायचं असेल, तर माझ्या लेखी दोन्ही गाणी चालतात. 'ब्राऊन शुगर' तर शब्द कळून ऐकावंच. कशाच्या तालावर आपण डोलतोय ते समजलेलं बरं.

स्टेजवर मात्र दोघांचा निकाल वेगळा लागतो. गाताना ते शब्द आपल्या तोंडचे होतात आणि समोरचे दोनशे लोक ध्रुवपदात साथ देतात. म्हणून 'ब्राऊन शुगर' मी बँडला सुचवणार नाही, रिफ कितीही हात शिवशिवायला लावत असला तरी. 'लैला' खुशाल वाजवा, कारण ती विनवणी गाताना कुणाचा अपमान होत नाही.

पैसा आणि भक्ती यांचा प्रश्न आला की पारडं उलटं फिरतं. स्टोन्सचं तिकीट काढताना मला अडखळायला होत नाही. गाणं त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलंय. क्लॅप्टनचं तिकीट काढताना होतं. त्याचं पोस्टर मी भिंतीवर लावणार नाही.

कबुलीलाही माझ्या हिशेबात वजन आहे. बीटल्सच्या जॉन लेननने 1980 च्या मुलाखतीत सांगितलं की तो बायकांवर हात उगारायचा. 'रन फॉर युअर लाइफ' या त्याच्याच गाण्यातली खुनाची धमकी त्यालाच पुढे नकोशी झाली होती. या कबुलीने मार खाल्लेल्यांचं दुःख पुसलं जात नाही, पण बाकीची गाणी मी जवळ ठेवतो. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश गायक गॅरी ग्लिटर आहे, मुलांवरच्या अत्याचारांसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेला. त्याचं मी काहीच लावत नाही.

सेटलिस्टमध्ये, म्हणजे कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीत, स्टोन्सची जागा रिकामी झाली असेल, तर 'गिमी शेल्टर' घ्या. मूळ ध्वनिमुद्रणात मेरी क्लेटनचा आवाज वरच्या पट्टीत जिथे फाटतो, तो क्षण 'ब्राऊन शुगर'च्या रिफपेक्षा मोठा आहे. फक्त त्या ताकदीची गायिका हवी. 'लैला' घेतलीत, तर पियानो सुरू व्हायच्या आधी माइकवर रीटा कूलिजचं नाव घ्या. आणि क्लॅप्टनचं 'क्रॉसरोड्स' वाजवणार असाल, तर काळा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं 1936 मधलं, सॅन अँटोनियोत एकट्या गिटारवर झालेलं मूळ ध्वनिमुद्रण सगळ्या बँडने आधी एकत्र बसून ऐका.