व्हीएलसीमधून फ्रेम काढताना व्हिडिओ का अडखळतो

व्हिडिओ थांबवून चार-दोन फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) उचलायच्या असतील, तर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर पुरेसा आहे, आणि फुकटही. शेकड्याने काढायच्या असतील तर मात्र तो धापा टाकतो. हे परीक्षण विंडोजवरच्या 3.0 मालिकेचं आहे.

आधी सोपं काम. स्पेसने व्हिडिओ थांबवा, ई दाबत एकेक फ्रेम पुढे सरका आणि हवी ती दिसली की शिफ्ट धरून एस दाबा. चित्र व्हिडिओच्या मूळ मापात साठतं, खिडकी कितीही लहान असली तरी. मोठी उणीव म्हणजे एक फ्रेम मागे जायची सोयच नाही. शिफ्ट आणि डावा बाण दाबला की थेट 3 सेकंद मागे, आणि पुन्हा ई, ई, ई. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये स्वल्पविरामाची कळ हेच काम एका झटक्यात करते.

खरी रडकथा सीन फिल्टरची, म्हणजे व्हिडिओ चालू असताना आपोआप चित्रं साठवत जाणाऱ्या सोयीची. प्रेफरन्सेसमध्ये खाली 'ऑल' निवडलं की व्हिडिओ, मग फिल्टर्स, तिथे हा सापडतो. रेकॉर्डिंग रेशो 50 म्हणजे दर 50 फ्रेममागे एक चित्र. सेकंदाला 25 फ्रेम असलेल्या व्हिडिओत दर दोन सेकंदांना एक, इथवर बहुतेक मशीन निभावून नेतात. रेशो 1 केला की गणित फिरतं. एका फ्रेमच्या वाट्याला येतात 40 मिलिसेकंद, आणि तेवढ्यात डीकोड करणं (दाबून साठवलेली फ्रेम उलगडणं), पीएनजी चित्र बनवणं, डिस्कवर लिहिणं आणि पडद्यावर दाखवणं असं सगळं उरकायचं. 4के फ्रेमचा कच्चा आकारच 25 एमबीच्या आसपास असतो. तो दाबून पीएनजी करेपर्यंत पुढच्या फ्रेमची वेळ टळून गेलेली असते, आणि व्हीएलसी उशिरा आलेली फ्रेम सरळ टाकून देतो. म्हणजे नुसतं दिसायला अडखळतं एवढंच नाही, काढलेल्या चित्रांमध्येही भोकं पडतात.

दोष कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. कंट्रोल आणि आय दाबा, स्टॅटिस्टिक्स टॅब उघडा आणि 'लॉस्ट' फ्रेमचा आकडा बघा. फिल्टर बंद असतानाही तो वाढत असेल, तर फाइलच मशीनला झेपत नाही. फिल्टर लावल्यावरच वाढत असेल, तर चित्रं लिहिण्याचा भार जास्त होतोय.

इथे एक पेच आहे. 3.0 पासून हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे डीकोडचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं, मुळातच चालू असतं, त्यामुळे फ्रेम ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत राहतात. सीन फिल्टरला त्या साध्या मेमरीत लागतात. फोल्डर रिकामाच राहिला, तर 'इनपुट / कोडेक्स'मध्ये हार्डवेअर डीकोडिंग 'डिसेबल' करा. पण मग सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, आणि फोनवरचा एचईव्हीसी या जड पद्धतीने दाबलेला 4के व्हिडिओ असेल तर जुना लॅपटॉप तिथेच बसतो. यावर सर्वात चांगला उतारा म्हणजे वेग कमी करणं. पाव वेगाने चालवला की त्याच फ्रेमला 40ऐवजी 160 मिलिसेकंद मिळतात. शिवाय पीएनजीऐवजी जेपीजी घ्या आणि चित्रं पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडला जोडलेल्या फोल्डरात न साठवता आतल्या एसएसडीवर साठवा.

'स्किप द लूप फिल्टर' (ठोकळ्यांच्या कडा मऊ करण्याची पायरी गाळणं) हा पर्याय वेग वाढवायला सुचवला जातो. फ्रेम काढायच्या असतील तर तो 'नन'वरच ठेवा, नाहीतर एच.264 या पद्धतीने दाबलेल्या व्हिडिओच्या चित्रात चौकोनी ठोकळे दिसतात. नुसतं बघायचं असेल तर हरकत नाही.

लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींचं दुखणं वेगळं. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीची 720 बाय 576ची इंटरलेस्ड (सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेली) चित्रफीत थांबवली की हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. तो अडखळण्याचा दोष नव्हे. डी दाबून डीइंटरलेसिंग, म्हणजे या रेघा घालवण्याची सोय, चालू करा, मग फ्रेम काढा.

फाइलींची नावं हा सीन फिल्टरचा आणखी एक त्रास. नावात उपसर्ग आणि फ्रेमचा क्रमांक एवढंच असतं, त्यामुळे दुसरा व्हिडिओ लावला की तीच नावं परत येतात आणि आधीची चित्रं पुसली जातात. दर व्हिडिओला उपसर्ग बदला. काम झालं की प्रेफरन्सेसमधली फिल्टरसमोरची टिकखूणही काढा आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. ती राहून गेली, तर पुढे बघाल त्या प्रत्येक व्हिडिओतून गुपचूप चित्रं निघत राहतात, डिस्क भरते आणि सिनेमा बघताना धक्के का बसतात ते कळत नाही.

प्रत्येक फ्रेम हवी असेल, तर व्हीएलसीचा नाद सोडा आणि एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्रॅम वापरा. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण त्याला पडद्याच्या घड्याळाशी बांधून घ्यायचं नसतं. मशीन संथ असेल तर तो वेळ जास्त घेतो, उशीर झाला म्हणून फ्रेम टाकत नाही.