मेसरश्मिट २६२चं किट घ्यायचंय? आधी नाक आणि सांधे बघा

प्रत्यक्ष युद्धात उतरलेलं पहिलं लढाऊ जेट म्हणून दुसऱ्या महायुद्धातलं हे जर्मन विमान, मेसरश्मिट २६२, मॉडेल बनवणाऱ्या अनेकांना हवं असतं आणि जोडायची प्लास्टिकची किटंही भरपूर मिळतात. माझ्या मते निवड दोन गोष्टींवर करावी.

पहिली गोष्ट तोलाची. १८ जुलै १९४२ला चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेलने निव्वळ जेट इंजिनांवर जे विमान उडवलं, त्याला शेपटीखाली चाक होतं. शेपूट उचलली जाईना म्हणून भर धावेत त्याला ब्रेक दाबावे लागले. पुढे चाक शेपटीऐवजी नाकाखाली आलं, त्यामुळे नाक हलकं असेल तर विमान शेपटीवर बसतं. खऱ्या विमानाच्या नाकात ३० मिमीच्या चार तोफांचं वजन होतं, मॉडेलचं नाक मात्र पोकळ. माझं पहिलं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल रंग, डिकल (वर चिकटवायची चिन्हं) सगळं झाल्यावर चाकांवर ठेवलं आणि हळूच शेपटीवर टेकलं. नाक तर केव्हाच चिकटवून बंद केलं होतं. आजही त्याच्या शेपटीखाली पारदर्शक प्लास्टिकची काडी आहे.

दुसरी गोष्ट सांध्यांची. वेग वाढावा म्हणून कारखान्यात पत्र्यांचे सांधे पुट्टीने भरून घासत असत. युद्धाच्या अखेरच्या, रंग न लागलेल्या विमानांच्या फोटोंत हे पुट्टीचे पट्टे स्पष्ट दिसतात. त्यामुळे या विमानावर खोल पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा, शोभत नाहीत.

या दोन्ही कसोट्यांवर तामिया कंपनीचं १/४८ मापाचं किट माझ्या मते सगळ्यांत पुढे आहे. पुढच्या चाकाचा कप्पाच धातूचा दिलाय, म्हणजे वजनाची सोय झालेली असते. रेषा बारीक आहेत. पंख धडाला लावून बघा, फटीत नख जात नाही. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी साधारण २६ सेंमी होते. इंजिनांच्या कडांवरून खऱ्या विमानासारख्या रंगांच्या ठिपक्यांचा मारा करायला तेवढी जागा पुरते. किंमत मात्र चांगलीच आहे.

त्याच मापात हॉबीबॉस कंपनीचं किट तुलनेने स्वस्त पडतं, पण ते घेण्याचं खरं कारण म्हणजे विमानाचे वेगळे प्रकार. नाकातून ५० मिमीची लांबलचक तोफ बाहेर आलेलं यू-४ किंवा दोन आसनी बी-१ए हवं असेल, तर तामियाच्या साध्या ए-१एमध्ये ते मिळणार नाही. जोडणीला थोडा सँडपेपर जास्त लागेल, एवढी तयारी ठेवा.

एअरफिक्सचं १/७२ हे २०१७चं नवं साचेकाम आहे. पंख जेमतेम १७ सेंमी. पहिल्याच जेटसाठी मी हेच सुचवेन. भाग मोजके आहेत, आकार छान पकडलाय आणि खिशालाही परवडतं. रेषा मला या मापाला जरा ठसठशीत वाटतात. प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन पातळ हात देऊन मध्ये हलकं घासलं की त्या बसतात. नाकात वजन आपणच भरायचं. अंगावरचे ठिपके मात्र ब्रशने या मापात जमवणं कठीण, त्यामुळे एअरब्रश (हवेने रंग फवारणारं छोटं साधन) नसेल तर साधी रंगसंगती निवडा.

रेव्हेलचं १/३२ रात्रीचं लढाऊ, म्हणजे बी-१ए/यू-१, ज्याला रडारचे अँटेना हवेत त्याच्यासाठी. या प्रकारचं खरं विमान जोहान्सबर्गच्या युद्ध संग्रहालयात आहे, त्यामुळे संदर्भाला फोटो मिळतात. पंख ३९ सेंमी होतात. कपाटाची खोली आधी मोजा.

किट कुठलंही घ्या, धड बंद करण्याआधी चिकटपट्टीने सगळं जोडून मुख्य चाकांच्या जागी बोटांवर तोलून बघा. नाक खाली झुकलं की वजन पुरे. एअरगनचे शिशाचे छर्रे यासाठी उत्तम, पण ते लाकडाच्या पांढऱ्या गोंदात भरू नका. काही वर्षांत शिसं त्या गोंदात फुगतं आणि नाकाचा सांधा आतून उकलतो. इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा.