द क्लीनची 'अँथॉलॉजी' : दुसरी सीडी सोडू नका
गिटारवाले बँड आवडत असतील तर द क्लीन या बँडची 'अँथॉलॉजी', म्हणजे निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संच, आयकाच, हे आधीच सांगून टाकतो. न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन, तिथे 1978 मध्ये हेमिश अन् डेव्हिड किलगोर या दोघा भावांनी बँड काढला, मग बेस गिटारवर रॉबर्ट स्कॉट आला. नागपूरच्या होस्टेलवर एका सिनिअरच्या पेनड्राइव्हमधून यांची तीन-चार गाणी भेटली होती, पाठच झाली होती, मग गावाकडे आलो, शेतीत लागलो अन् बँड मागे पडला. आता दोन्ही सीडींची गाणी डाउनलोड करून घेतली कारण वावरात रेंजचा भरवसा नाई, अन् रातची लाइन असली की हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलवता बदलवता आयकतो.

पहिल्या सीडीत सुरुवातीचा माल आहे. 'टॅली हो!' 1981 मध्ये 50 डॉलरात रेकॉर्ड केलं, आवाज गढूळच आहे पण द चिल्स या बँडवाल्या मार्टिन फिलिप्सचं कीबोर्ड असं काही पुढे पळते की गाणं थेट तिथल्या टॉप 20 मध्ये गेलं. त्याच वर्षीची 'बूडल बूडल बूडल' ईपी (अल्बमपेक्षा छोटी, थोड्या गाण्यांची रेकॉर्ड) गायक ख्रिस नॉक्स अन् साउंडवाला डग हूड यांनी चार ट्रॅकच्या टेप मशीनवर रेकॉर्ड केली. मोठ्या स्टुडिओची वाट पाहत बसले नाईत, हे मले लय भारी वाटते, आमच्याकडची पोरं पुण्या-मुंबईले गेल्याशिवाय काही होतच नाई असं धरून चालतात.

'पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स' मध्ये हेमिशचे ड्रम विहिरीवरच्या डिझेल इंजिनसारखे, एकदा लय धरली की सोडायचं नाव नाई, बेस त्याच जागी फिरते अन् डेव्हिडची गिटार पसरत पसरत सगळं भरून टाकते. हेमिश 2022 मध्ये गेला. आता हे गाणं आयकताना जीव कसातरीच होते.

लोक 1982 पर्यंतच्या गाण्यांवरच थांबतात, पण दुसऱ्या सीडीत 'व्हेइकल' (1990), 'मॉडर्न रॉक' (1994) अन् 'अननोन कंट्री' (1996) मधली गाणी आहेत, शांत, मोकळी, वय झालेल्या माणसांची. मले आता हीच जास्त लागतात. तक्रार एकच, 'व्हेइकल' सलग आयकायचा अल्बम आहे, इथे निवडक गाण्यांवर भागत नाई, तो वेगळा घ्याच.

नवीन असाल तर 'एनीथिंग कुड हॅपन' पासून सुरू करा, अन् हेडफोनवरच, मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाई.