एनसीसीएसच्या ए-५४९ पेशी: फुप्फुसाच्या कामाला कितपत पुरतात?

फार्मसीत पीएचडीला फुप्फुसाचा कॅन्सर हा विषय घेतला की पेशी कुठून आणायच्या हे आधी ठरवावं लागतं. पुण्यात दोन वाटा आहेत: शेजारच्या लॅबमधून ओळखीने मिळालेला फ्लास्क, नाहीतर गणेशखिंडीच्या एनसीसीएसकडे (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) रीतसर मागणी. ओळखीचा फ्लास्क घेऊच नका. त्याचा पॅसेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या, हे कुणालाही सांगता येत नाही. मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) असला तरी मीडियम (पेशी वाढवण्याचा पोषक द्राव) गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. मागणी करतानाच पॅसेज नंबर आणि मायकोप्लाझ्माच्या तपासणीबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पेपर पाठवल्यावर हेच विचारलं जातं.

ए-५४९ ही लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारा पेशींचा वंश, १९७२ची, ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुप्फुसातल्या गाठीपासून काढलेली. तिच्यात केआरएएस (KRAS) जनुक बदललेलं आहे, पण पी५३ हे गाठींना आळा घालणारं जनुक शाबूत आहे. म्हणून बिघडलेल्या पी५३वर काम करणारं औषध इथे तपासण्यात अर्थ नाही. पेशी साधारण दिवसाभरात दुप्पट होतात, हाताळायलाही सोप्या. नवशिक्यासाठी याहून चांगली लाइन सुचवणं कठीण.

काठोकाठ मीडियम भरलेला फ्लास्क आला तर लगेच उघडू नका. ७० टक्के अल्कोहोलने पुसा, मायक्रोस्कोपखाली पाहा आणि रात्रभर ३७ अंशांवर तसाच ठेवा. प्रवासात सुटलेल्या बऱ्याच पेशी पुन्हा चिकटतात. दुसऱ्या दिवशी जादा मीडियम काढून १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्ताचा सीरम) असलेलं ताजं मीडियम घाला. तळ ७०-८० टक्के भरला की पेशी सोडवायला ट्रिप्सिन, तेही दोन ते पाच मिनिटंच. पेशी गोल होऊन सरकू लागल्या की थांबवायचं. जास्त वेळ ठेवल्या तर त्यांचे गोळे होतात, मोजणी चुकते आणि पुढचं सगळंच चुकतं.

खरी गडबड एमटीटीत (जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात, त्यावरून त्या मोजायची चाचणी) होते, आणि तिचं खापर पेशींवर फुटतं. आपल्याकडे वनस्पतींचे अर्क तपासण्याची मोठी हौस आहे. हळदीचा अर्क स्वतःच पिवळा असतो. बरेच अर्क तर पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा रंग आणतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी अर्क आणि एमटीटी असलेल्या, पण पेशी नसलेल्या तीन विहिरी (प्लेटमधले खळगे) ठेवाच. एमटीटी घालण्याआधी अर्काचं मीडियम काढून टाका. अर्क विरघळवायचं डीएमएसओ ०.५ टक्क्याखाली ठेवा आणि तेवढंच कंट्रोललाही (अर्क न दिलेल्या पेशींनाही) घाला. ९६ विहिरींच्या प्लेटची कडेची रांग लवकर सुकते, तिथे नुसतं बफर भरा.

कॅन्सरसाठी ही लाइन उत्तम. फुप्फुसाच्या इतर आजारांसाठी जपून. टीजीएफ-बीटा हे प्रथिन दिलं की दोन-तीन दिवसांत फरसबंदीसारख्या दिसणाऱ्या पेशी लांबट होतात, त्यामुळे फायब्रोसिसच्या (फुप्फुस कडक होण्याच्या आजाराच्या) प्राथमिक कामाला चालते. इनहेलरचं औषध आवरणातून किती आत जातं हे मात्र हिच्यावर मोजू नका. हिच्या पेशींमधले सांधे घट्ट बसत नाहीत, औषध आरपार गळतं. त्या कामाला कालू-३ ही फुप्फुसाचीच दुसरी लाइन घ्या, आणि तिची वरची बाजू हवेला उघडी ठेवून वाढवण्याचे दोन-तीन आठवडे वेळापत्रकात आधीच धरा.

पहिल्याच आठवड्यात १० टक्के डीएमएसओमध्ये, मिनिटाला एक अंश या गतीने थंड करून पेशींच्या सहा व्हायल (कुप्या) गोठवा. लोडशेडिंगमध्ये इनक्युबेटर बंद पडला तर पुन्हा मागणी नोंदवण्याची वेळ येत नाही.