स्टोरेज स्विचसाठी केबल: मल्टिमोड की सिंगलमोड?

नागपुरात धंतोलीतलं रुग्णालय असो, सीताबर्डीवरची पतसंस्था असो की बुटीबोरीतला कारखाना, चार-पाच सर्व्हर आणि एक सामाईक स्टोरेज जोडायला फायबर चॅनल स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज यांना प्रकाशाच्या केबलने जोडणारा स्विच) घ्यायचं ठरलं की केबलचा प्रश्न येतोच. अ‍ॅक्वा रंगाची मल्टिमोड घ्यायची की पिवळी सिंगलमोड? ‘सिंगलमोड लांब जाते, म्हणजे तीच चांगली’ असं बरेच जण धरून चालतात. एकाच खोलीतलं काम असेल तर मी मल्टिमोडच घ्या म्हणेन.

आधी अंतर पाहू. मल्टिमोडचा गाभा, म्हणजे प्रकाश जातो तो काचेचा मधला भाग, ५० मायक्रॉनचा असतो. त्यातून प्रकाश अनेक वाटांनी जातो, त्यामुळे वेग वाढला की पल्ला घटतो. ओएम३ केबलवर (ओएम२, ओएम३, ओएम४ या मल्टिमोडच्या चढत्या प्रती) १६ गीगाबिटला १०० मीटर आणि ३२ गीगाबिटला ७० मीटर मिळतात; ओएम४ वर १२५ आणि १००. सिंगलमोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, आणि त्यावर १० किलोमीटरपर्यंत चालणारे एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे, केबलमध्ये प्रकाश सोडणारे छोटे मॉड्यूल) सर्रास मिळतात. पण तुमच्या रॅकमधली केबल तीन ते दहा मीटरची. तिथे हा पल्ला काही कामाचा नाही.

खरा फरक एसएफपीच्या किमतीत आहे. सिंगलमोड केबल स्वतः महाग नसते, लांब पल्ल्याचे एसएफपी महाग असतात आणि ते दोन्ही टोकांना लागतात. चार सर्व्हरचे आठ पोर्ट आणि स्टोरेजचे चार म्हणजे १२ लिंक, २४ एसएफपी. त्यातही सर्व्हरच्या एचबीए कार्डात (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारं कार्ड) बहुधा मल्टिमोडचेच एसएफपी बसवून येतात. सिंगलमोडचा आग्रह धरलात तर तेही बदलावे लागतील. तेवढ्या पैशात दुसरा स्विच घ्या. एका मोठ्या स्विचपेक्षा दोन लहान स्विच केव्हाही बरे: प्रत्येक सर्व्हरची एक केबल एकात, दुसरी दुसऱ्यात, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालतं; आणि त्या दोन स्विचना एकमेकांशी जोडायचं नाही. लहान स्विचला अनेकदा एकच पॉवर सप्लाय असतो, म्हणून दोघांना वेगवेगळ्या यूपीएसवर ठेवा. कोटेशनमध्ये एक गोष्ट नक्की तपासा: २४ पोर्टच्या स्विचमध्ये लायसन्सने सुरुवातीला आठच पोर्ट चालू असू शकतात.

धुळीचा मुद्दाही मल्टिमोडच्याच बाजूने जातो. जो कण ५० मायक्रॉनच्या गाभ्याचा कोपरा झाकेल, तोच ९ मायक्रॉनचा गाभा पूर्ण बंद करू शकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकी बंद असली तरी टेबलावर थर साचतो. म्हणून केबल कुठलीही असो, नवी कोरी असली तरी, तिच्या टोकाचा एलसी कनेक्टर क्लीनर पेनने पुसूनच लावा आणि रिकाम्या पोर्टवरची टोपणं काढू नका.

नागपुरात केबलइतकंच लक्ष हवेच्या दिशेकडे द्यायला हवं. नेटवर्क स्विच पोर्ट पुढे करून लावायची सवय असल्यामुळे स्टोरेज स्विचही तसाच लावला जातो. पण यातले बरेच स्विच पोर्टच्या विरुद्ध बाजूने हवा ओढतात आणि पोर्टकडून बाहेर टाकतात. ते पोर्ट मागे करूनच लावायचे. सर्व्हरचे एचबीए पोर्टही मागेच असतात, त्यामुळे केबलही आखूड लागते. उलटा लावला तर तो सर्व्हरनी बाहेर टाकलेली गरम हवाच आत घेतो. स्विच ज्या तापमानात चालतो त्याची मर्यादा साधारण ४० अंशांची आणि बाहेर मे महिन्यात पारा ४५ च्या वर; दुपारी एसी बंद पडला तर हातात फार वेळ राहत नाही. तेव्हा स्विचच्या माहितीपत्रकात हवेची दिशा आधी पाहा. आणि एसीला पर्याय म्हणून सर्व्हर रूममध्ये कूलर कृपा करून लावू नका. दमट हवा आणि पाण्यातले क्षार थेट यंत्रांत जातात.

केबलची बांधणी दोन्ही पर्यायांत सारखीच: कारखान्यात तयार झालेले पॅच कॉर्ड, हव्या तेवढ्याच लांबीचे, प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोने सैल बांधलेले, दोन्ही टोकांना लेबल.

दोन इमारती जोडायच्या असतील, म्हणजे हिंगण्याच्या एमआयडीसीतलं ऑफिस आणि मागची शेड, तर मात्र माझं मत बदलतं. तिथे सिंगलमोडच टाका, मोजून ८० मीटर भरत असले तरी. पुरलेली केबल कित्येक वर्षं राहते आणि स्विचचा वेग प्रत्येक बदलात वाढतो. डक्टमध्ये आधीची नारिंगी मल्टिमोड पडलेली असेल तर तिचा मोह नको. ओएम२ वर १६ गीगाबिट जेमतेम ३५ मीटर चालतं. लिंकच्या एका टोकाला मल्टिमोडचा आणि दुसऱ्या टोकाला सिंगलमोडचा एसएफपी लावून भागवायचा विचारही करू नका. दोन लिंकना चार कोअर (केबलमधले काचेचे धागे) लागतात, पण केबल १२ कोअरची घ्या, आणि काम करणाऱ्याकडून बाराही कोअरच्या लॉसची, म्हणजे वाटेत घटणाऱ्या प्रकाशाची, मोजणी लेखी घेतल्याशिवाय शेवटचं बिल चुकतं करू नका.