टोरंटोच्या जुन्या इमारतींसाठी ८×४२ दुर्बीण: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ही दुर्बीण मी गेल्या सप्टेंबरात १८० डॉलरला घेतली, ती पक्ष्यांसाठी नव्हे, तर टोरंटोतल्या जुन्या इमारतींच्या माथ्यावरचे कोरीवकाम नीट पाहता यावे म्हणून. ८×४२ म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, पुढची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाची. भिंगे स्वच्छ आहेत, पट्टा मानेला काचतो. पण मला लिहायचे आहे ते फोकसच्या चाकाबद्दल.

जानेवारीत, उणे सोळा अंशांत, जुन्या सिटी हॉलसमोर ते चाक हलेनासे झाले. १८९९ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीचा खर्च पंचवीस लाख डॉलरच्या आसपास गेला, नगरसेवक आणि वास्तुविशारद ई. जे. लेनॉक्स यांचे बिनसले आणि त्यांच्या नावाची पाटी लावायला नकार मिळाला. तेव्हा लेनॉक्स यांनी छताच्या कडेखालच्या दगडी टेकूंवर इमारतीभोवती आपले नाव, हुद्दा आणि १८९८ हे साल कोरवून घेतले. प्रवेशद्वारापाशी नगरसेवकांची व्यंगरूपे मानले जाणारे वेडेवाकडे चेहरे आहेत. त्यांतला भरघोस मिशांचा, बरा दिसणारा चेहरा अर्थातच लेनॉक्स यांचा. सहा-सात मीटरवरच्या या मिशांवरून नजर थेट छताखालच्या अक्षरांकडे न्यायची, तर चाक बरेच फिरवावे लागते, आणि नेमके तेच हातमोजे काढून दोन बोटांनी जोर लावला तरी जागचे हलत नव्हते.

कंपनीचे उत्तर आले की थंडीत वंगण घट्ट होणे हा दोष नाही, तरीही तपासणी हवी असल्यास दुर्बीण पाठवण्याचे ३५ डॉलर ग्राहकाने भरावेत. कॅनडात विकायच्या वस्तूत कॅनडाच्या जानेवारीला टिकणारे वंगण घालावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. मी दुर्बीण पाठवली नाही.

उरलेला हिवाळा मी युनियन स्टेशनात काढला. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या या स्थानकाच्या मोठ्या दालनाचे कमानदार छत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि भिंतींवर वरच्या बाजूला कॅनडातल्या शहरांची नावे कोरलेली आहेत. बाहेरून आत आल्यावर भिंगांवर धरलेली बाफ जायला दहा मिनिटे लागतात, पण मग चाक लोण्यासारखे फिरते.

एक मत मात्र मला बदलावे लागले. १९३१ मधल्या, चौतीस मजली कॉमर्स कोर्ट नॉर्थच्या माथ्यावरचे दाढीवाले प्रचंड दगडी चेहरे पाहताना दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण घ्यायला हवी होती, असे मी डिसेंबरात ठामपणे म्हणत असे. मार्चमध्ये मित्राची तशी दुर्बीण तिथेच वापरून पाहिली, तेव्हा हाताच्या थरथरीने त्या दाढ्याच डोलू लागल्या, आणि माझ्या आठपटीत त्यांची प्रत्येक बट स्थिर दिसली.

मेमध्ये जुन्या सिटी हॉलला पूर्ण फेरी मारून अखेर सगळी अक्षरे वाचली. घंटाघराच्या कोपऱ्यांवरची, १९३८ मध्ये उतरवलेल्या दगडी गारगॉयलांच्या (बाहेर झुकलेल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या शिल्पांच्या) जागी २००२ मध्ये बसवलेली कांस्याची गारगॉयलेही पाहिली. चाकाने एकदाही त्रास दिला नाही. पुढच्या हिवाळ्यात दुर्बीण कोटाच्या आत, अंगाशी धरून नेणार आहे. पाचपैकी साडेतीन गुण; एक चाकाचा कापला, अर्धा त्या ३५ डॉलरांचा.