स्ट्रोकच्या जनुकीय माहितीचे खुले साठे : कोणती फाइल, कशासाठी

सर्रास आढळणाऱ्या एखाद्या जनुकीय व्हेरियंटमुळे (डीएनएतल्या एका जागच्या बदलामुळे) स्ट्रोकचा धोका वाढतो तो बहुतेक वेळा पाच-दहा टक्क्यांनी. एवढासा फरक पकडायला एका रुग्णालयाचे काय, एका देशाचेही रुग्ण पुरत नाहीत. म्हणून २००७ मध्ये इंटरनॅशनल स्ट्रोक जेनेटिक्स कन्सॉर्शियम उभे राहिले. त्यातून २०१२ मध्ये मेटास्ट्रोक हा एकत्रित अभ्यास आला (इस्केमिक, म्हणजे रक्तपुरवठा अडून होणाऱ्या स्ट्रोकचे १२,३८९ रुग्ण), २०१८ मध्ये मेगास्ट्रोक (६७,१६२ रुग्ण) आणि २०२२ मध्ये गिगास्ट्रोक (१,१०,१८२ रुग्ण, १५ लाखांवर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले स्ट्रोक नसलेले लोक). शेवटच्या दोन्हींची समरी स्टॅटिस्टिक्स (व्यक्तींची नव्हे, प्रत्येक व्हेरियंटची एकत्रित आकडेवारी) कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. हे परीक्षण मुख्यतः त्या फाइलींचे, जोडीला सेरेब्रोव्हॅस्क्युलर डिसीज नॉलेज पोर्टलचे आणि थोडेसे डीबीगॅपचे (व्यक्तिनिहाय जनुकीय माहितीचा अमेरिकी साठा).

आमचे मत आधीच सांगतो. माल अव्वल आहे, वेष्टन ढिसाळ आहे, आणि सगळ्यात मोठी फाइल हीच सगळ्यात उपयोगी असे धरून चालणारे हमखास फसतात.

गिगास्ट्रोकपासून सुरुवात करू. ८९ लोकस (जीनोममधल्या स्ट्रोकशी निगडित जागा), त्यांतले ६१ नवे. यांपैकी ६० मुख्य विश्लेषणातून आले आणि उरलेले २९ दुय्यम पद्धतींतून. हा भेद जपून ठेवावा, कारण दोन्ही गटांच्या पुराव्याचे वजन सारखे नाही. वंशगटांमधली अंतर्गत पडताळणी आणि स्वतंत्र रुग्णगटातली पडताळणी मिळून मुख्य लोकसपैकी ८७ टक्के ०.०५ या साध्या पातळीवर टिकले, ही जमेची बाजू. औषधांच्या दृष्टीने एफ११, केएलकेबी१, प्रॉक, जीपी१बीए, व्हीकॅम१ अशी जनुके पुढे आली. रक्त गोठण्याच्या साखळीतली एफ११ आणि केएलकेबी१ ही नावे पाहिली की या यादीकडे औषध कंपन्यांचे लक्ष का गेले ते कळते.

फाइली जीवास कॅटलॉगवर (अशा जनुकीय अभ्यासांची खुली सूची) जीसीएसटी९०१०४५३४ ते जीसीएसटी९०१०४५६३ या क्रमांकांखाली आहेत. फाइलीच्या नावात फक्त हा क्रमांक असतो. कोणता वंशगट, कोणता उपप्रकार हे नावावरून कळत नाही. उतरवल्याबरोबर नाव बदला: वंशगट, उपप्रकार, क्रमांक आणि जीनोम बिल्ड (जीनोमच्या संदर्भ नकाशाची आवृत्ती), चारही घाला. बिल्डचे विसरू नका. मूळ फाइल बिल्ड ३७ वर आहे आणि कॅटलॉगची हार्मोनाइज्ड (एकसारख्या साच्यात आणलेली) प्रत बिल्ड ३८ वर. एका विश्लेषणात एक फाइल मूळ आणि दुसरी हार्मोनाइज्ड घेतली तर कुठलाही एरर येत नाही. फक्त जुळणाऱ्या व्हेरियंटची संख्या अचानक कोसळते. लाखो ओळींच्या दोन फाइलींत काही हजारच जुळले, तर पहिला संशय बिल्डवर घ्यावा. शिवाय मूळ फाइलीत ओळख गुणसूत्र आणि स्थानावरून आहे. आरएस क्रमांक (व्हेरियंटचे ओळखक्रमांक) हवे असतील तर त्याच बिल्डच्या डीबीएसएनपी या व्हेरियंटच्या सूचीशी जोडावे लागतात, आणि जोडताना दोन्ही एलीलही (त्या जागची पर्यायी रूपे) जुळवावे लागतात. नुसत्या स्थानावरून जोडले की एकाच जागी तीन एलील असलेले व्हेरियंट चुकीचा क्रमांक घेऊन बसतात.

आता उपप्रकार. आमच्या मते या सगळ्या साठ्याची खरी कसोटी इथेच लागते. मेटास्ट्रोकनेच दाखवून दिले होते की जनुकांना उपप्रकार कळतो: एचडीएसी९ मोठ्या धमन्यांच्या स्ट्रोकशी, तर पीआयटीएक्स२ आणि झेडएफएचएक्स३ हृदयातून गुठळी सुटून होणाऱ्या स्ट्रोकशी निगडित. नंतरची दोन ही एट्रियल फिब्रिलेशनचीच (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराची) जनुके. म्हणजे उपप्रकार न पाहता सगळे रुग्ण एकत्र केले की संकेत पातळ होतो. पण गिगास्ट्रोकच्या युरोपीय गटात इस्केमिक स्ट्रोकचे रुग्ण ६२,१०० आणि उपप्रकार ठरलेले किती? हृदयजन्य १०,८०४, लहान रक्तवाहिन्यांचे ६,८११, मोठ्या धमन्यांचे ६,३९९. बेरीज २४,०१४, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आतच.

कारण उघड आहे. रुग्णसंख्या वाढली ती बऱ्याच अंशी बायोबँका आणि लोकसंख्याधारित अभ्यासांमुळे, आणि तिथे निदान येते आयसीडी कोडमधून, म्हणजे रुग्णालयांच्या नोंदींतल्या आजारांच्या सांकेतिक क्रमांकांतून. आय६३ म्हणजे इस्केमिक, आय६१ म्हणजे मेंदूतला रक्तस्राव, आय६४ म्हणजे धड काहीच नाही. उपप्रकार ठरवायला स्कॅन, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, एको सगळे लागते. त्यानंतरही स्ट्रोकचे उपप्रकार ठरवणाऱ्या, १९९३ पासूनच्या टोस्ट वर्गीकरणात पन्नास टक्क्यांवर अरुंद झालेली धमनी आणि एट्रियल फिब्रिलेशन एकाच रुग्णात सापडले की तो 'अनिश्चित' रकान्यात जातो. कसून तपासलेला रुग्ण आणि काहीच न तपासलेला रुग्ण, दोघे एकाच रकान्यात. दोन डॉक्टरांचे एकमत होण्याचीही खात्री नसते. म्हणूनच एनआयएनडीएस या मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या साइन प्रकल्पाने उपप्रकार ठरवायला संगणकावर प्रश्नावली भरून घेणारी सीसीएस पद्धत वापरली आणि २०१६ मध्ये मोठ्या धमन्यांच्या स्ट्रोकसाठी टीस्पॅन२ जवळचा लोकस मिळवला. तेव्हाचे रुग्ण होते १६,८५१. नेमके निदान असेल तर कमी रुग्णांतही काम होते, याचा हा चांगला दाखला.

व्यवहारात याचा अर्थ असा: उपप्रकाराच्या फाइलीवर 'बारा लाख कंट्रोल' वाचून हुरळून जाऊ नका. परिणामकारक नमुनासंख्या म्हणजे ४ भागिले (१/रुग्ण + १/कंट्रोल). कंट्रोल कितीही वाढवले तरी ती रुग्णांच्या चौपटीपलीकडे जात नाही. लहान रक्तवाहिन्यांच्या फाइलीसाठी हा आकडा सुमारे २७,००० येतो. एलडीएससीला (अनुवांशिकता मोजणारा प्रोग्राम) किंवा पॉलिजेनिक स्कोअरच्या (अनेक व्हेरियंट मिळून होणारा धोका मोजणाऱ्या) प्रोग्रामला रुग्ण आणि कंट्रोल यांची एकूण बेरीज दिली तर अनुवांशिकतेचा अंदाज भलताच खाली घसरतो, आणि मग 'स्ट्रोकमध्ये जनुकांचा वाटा नगण्य' असले निष्कर्ष निघतात.

'कोणताही स्ट्रोक' या फाइलीत रक्तस्रावही मिसळलेला आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या लक्ष्यांचा अभ्यास करायला ही फाइल घेतली तर एकीकडचा फायदा आणि दुसरीकडचा तोटा एकाच आकड्यात मिसळतो. अशा प्रश्नाला इस्केमिकची फाइल घ्यावी आणि रक्तस्रावासाठी वेगळी. ती छोटी आहे: २०१४ च्या अभ्यासात १,५४५ रुग्ण आणि १,४८१ कंट्रोल, त्यातून १क्यू२२ हा लोकस. छोटी असली तरी प्रश्नाला धरून आहे.

वंशगटांची बाजू. १,१०,१८२ रुग्णांची फोड अशी: युरोपीय ७३,६५२, पूर्व आशियाई २७,४१३, आफ्रिकी ३,९६१, दक्षिण आशियाई ३,६४०, हिस्पॅनिक १,५१६. एक तृतीयांश रुग्ण युरोपबाहेरच्या वंशांचे, ही आधीच्या कामांच्या तुलनेत मोठी मजल. पण त्या तृतीयांशाचा तीन चतुर्थांश भाग पूर्व आशियाई आहे. दक्षिण आशियाई फाइल वेगळी उघडून त्यात नवे लोकस शोधायला जाल तर निराशा पदरी येईल. आधीच माहीत असलेल्या लोकसची दिशा जुळते का, एवढेच तिला विचारावे. पॉलिजेनिक स्कोअरही युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांसाठीच बांधून तपासले आहेत. ते दक्षिण आशियाई रुग्णांना जसेच्या तसे लावून 'उच्च धोका' असा शिक्का मारणे आम्हाला मान्य नाही.

सर्व वंशांची एकत्रित फाइल लोकस शोधायला उत्तम, पण एलडीएससी, फाइन-मॅपिंग (लोकसमधला नेमका कारक व्हेरियंट शोधणे) किंवा कोलोकलायझेशनला (दोन गुणांमागे एकच व्हेरियंट आहे का ते तपासणे) नको. या पद्धतींना एकाच वंशाचा एलडी संदर्भ (शेजारचे व्हेरियंट किती एकत्र आढळतात याची नोंद) लागतो. मिश्र फाइलीला युरोपीय एलडी जोडला तरी प्रोग्राम न कुरकुरता चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. एकत्र केल्यावर काही गोष्टी दिसेनाशाही होतात. मोयामोया रोगाशी (मेंदूच्या धमन्या अरुंद होत जाण्याचा आजार) निगडित असलेला आरएनएफ२१३ मधला बदल पूर्व आशियात आढळतो आणि युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीच. असले बदल त्या-त्या वंशाच्या फाइलीतच पाहावेत.

मग मेगास्ट्रोक अडगळीत टाकायचे का? मुळीच नाही. मेंडेलियन रँडमायझेशन (रक्तदाबासारखा घटक खरेच कारण आहे का, हे जनुकीय व्हेरियंटच्या आधारे तपासणे) करणाऱ्यांनी ते हाताशी ठेवावे. गिगास्ट्रोकमध्ये यूके बायोबँक हा ब्रिटनमधला मोठा लोकसंख्या-साठा सामील आहे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा वजनाचे आकडेही यूके बायोबँकेतून घेतले, तर तेच लोक दोन्ही बाजूंना येतात आणि कमकुवत व्हेरियंटच्या बाबतीत उत्तर निरीक्षणात्मक अभ्यासाकडे झुकते. मेगास्ट्रोकच्या युरोपीय फाइलीत (४०,५८५ रुग्ण, ४,०६,१११ कंट्रोल) ही अडचण नाही. आम्ही सुचवू ते असे: मुख्य विश्लेषण मेगास्ट्रोकवर, पडताळणी गिगास्ट्रोकवर, आणि दोन्ही उत्तरे छापावीत.

मेगास्ट्रोकची फाइल मेटल या, अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या प्रोग्रामच्या साच्यातली आहे. आरएस क्रमांक आहेत, पण गुणसूत्र-स्थान नाही. म्हणजे गिगास्ट्रोकच्या नेमके उलटे दुखणे. एलील लहान लिपीत लिहिलेले असतात, ते आधी कॅपिटल करा, नाहीतर दुसऱ्या फाइलीशी एकही ओळ जुळणार नाही. परिणाम पहिल्या एलीलचा, वारंवारताही पहिल्याचीच, आणि परिणाम लॉग ऑड्समध्ये. इम्प्युटेशनच्या (न तपासलेल्या व्हेरियंटच्या अंदाजाच्या) दर्जाचा रकाना नाही, त्यामुळे ती चाळणी आपल्याला लावता येत नाही. ए-टी आणि जी-सी जोड्यांचे व्हेरियंट ०.४ ते ०.६ वारंवारतेच्या पट्ट्यात असतील तर सरळ वगळा. तिथे स्ट्रँड (एलील डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणत्या धाग्यावरून वाचले) ओळखायचा भरवशाचा मार्ग नाही.

दोन्ही साठ्यांची एक मर्यादा समान आहे: १ टक्क्याहून विरळ व्हेरियंट जवळजवळ नाहीतच. त्यामुळे नॉच३ या जनुकातल्या, कॅडॅसिल हा आनुवंशिक स्ट्रोकचा आजार घडवणाऱ्या बदलांचा शोध इथे घेणे व्यर्थ. त्यासाठी सीक्वेन्सिंगच हवे.

नॉलेज पोर्टल हे झटपट नजर टाकायचे ठिकाण. जनुकाचे नाव टाका, त्या भागातल्या स्ट्रोकच्या संकेतांचा आलेख समोर येतो, शेजारी एमआरआयवरच्या व्हाइट मॅटरच्या बदलांचे आकडेही दिसतात. कोड लिहिता न येणाऱ्या डॉक्टरला पहिल्या दहा मिनिटांत एवढे दुसरीकडे मिळणार नाही. मात्र जनुकाच्या पानावर ठळक संकेत दिसला म्हणजे तेच जनुक कारणीभूत असे होत नाही. संकेत जागेचा असतो. स्ट्रोकनंतर रुग्ण कितपत सावरतो यावरच्या गिसकोम अभ्यासाचे आकडेही पोर्टलवर आहेत. जुन्या शोधनिबंधांत पोर्टलचा जुना पत्ता छापलेला असतो, तो उघडला नाही तर ह्यूजॅम्प या, पोर्टल ज्यावर आहे त्या संकेतस्थळाच्या मुख्य पानावरून शिरावे.

व्यक्तिनिहाय माहिती हवी असेल तर डीबीगॅपवर साइनचा साठा पीएचएस०००६१५ या क्रमांकाने आहे. तिथे एकट्या संशोधकाचा अर्ज चालत नाही. संस्थेच्या अधिकृत सहीदाराची मान्यता लागते आणि वापराचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. संमतिपत्राप्रमाणे रुग्णांचे गट पाडलेले असतात. आपल्या प्रश्नाला कोणते गट खुले आहेत ते अर्ज लिहिण्याआधी मोजा, कारण हाती पडणारी संख्या छापील आकड्यापेक्षा कमी असू शकते.

आपल्या केंद्राचे रुग्ण जोडून सहभागी व्हायचे असेल तर नमुने परदेशी पाठवावेच लागतात असे नाही. एकच विश्लेषण आराखडा सगळ्यांना दिला जातो, प्रत्येक केंद्र आपल्या यंत्रावर तो चालवते आणि फक्त समरी फाइल पाठवते. परत पाठवलेल्या फाइलींतले दोष साधारण ठरलेले असतात: रुग्ण आणि कंट्रोल वेगवेगळ्या चिपवर किंवा वेगळ्या वेळी तपासलेले, परिणामाचा एलील उलटा, बीटाच्या (लॉग ऑड्समधल्या परिणामाच्या) रकान्यात ऑड्स रेशो. म्हणून पाठवण्याआधी तीन आलेख काढा. एलीलची वारंवारता संदर्भ गटाशी ताडून पाहा. बिंदूंची रेघ उलट्या कर्णावर दिसली तर एलील उलटे आहेत. छापलेले पी-मूल्य आणि बीटा व त्याची प्रमाण त्रुटी (एसई) यांवरून काढलेले पी-मूल्य एका रेषेत येतात का पाहा. तिसऱ्या, पी-मूल्यांच्या क्यू-क्यू आलेखात लॅम्बडा (पी-मूल्ये अपेक्षेहून किती फुगली याचे माप) १.०५ च्या वर गेला तर प्रिन्सिपल कंपोनंट (वंशभेदाची दुरुस्ती करणारे आकडे) आणि चिपचा फरक दोन्ही पुन्हा तपासा. आणि फाइलीसोबत उपप्रकार कोणी, कोणत्या वर्गीकरणाने आणि कोणत्या तपासण्यांवरून ठरवले हे एका पानात लिहून द्या. ते पान मागाहून मागवायला महिने लागतात.